विरळ हवेतली शर्यत

मुलांनो, अ‍ॅटलास उघडा आणि अमेरिकेतलं डेन्व्हर शहर शोधा. रॉकी पर्वताच्या पायथ्याशी, समुद्रसपाटीपासून एक मैल उंचावर वसलेलं. तिथून थोडं पश्चिमेला मॉरिसन नावाचं चिमुकलं गाव आहे. या गावाजवळच्या खडकांत मिळालेल्या हाडांवरूनच १८७७ साली स्टेगोसॉरस या डायनॉसोरचं बारसं झालं!

इथेच एका डोंगराच्या कडेला १९५८ साली बँडिमियर कुटुंबाने मोटारींच्या ड्रॅग शर्यतींसाठी धावपट्टी सुरू केली. ड्रॅग शर्यतीत वळणं नाहीत, फेऱ्या नाहीत. दोन गाड्या शेजारी शेजारी उभ्या राहतात, हिरवा दिवा लागतो, आणि सरळ पाव मैल, म्हणजे सुमारे ४०० मीटर, सुसाट! 'प्रो स्टॉक' गटातली गाडी समुद्रसपाटीजवळ हे अंतर साडेसहा सेकंदांत कापते. तेवढ्यात तुमचं दप्तरसुद्धा भरून होणार नाही. बँडिमियरला मात्र तिला सात सेकंदांच्या आसपास लागत. असं का बरं?

धावपट्टीची उंची होती सुमारे ५,८०० फूट. आपल्या कळसूबाईहून जास्त! एवढ्या उंचीवर हवा विरळ. पेट्रोल जळायला हवा लागते. हवा कमी म्हणजे ताकद कमी, जवळजवळ पाचव्या भागाने.

इंजिनात हवा नेणारा भाग म्हणजे इनटेक मॅनिफोल्ड. वर एक हवेची पेटी आणि तिच्यातून आठ सिलिंडरांकडे उतरणाऱ्या आठ नळ्या. शर्यतीच्या गाडीसाठी कारागीर तो अ‍ॅल्युमिनियमचे पत्रे कापून, वाकवून, वेल्डिंग करून मुद्दाम बनवतात. आठही सिलिंडरांना सारखी हवा मिळायला हवी. पंगतीत एकाला दोन लाडू आणि दुसऱ्याला अर्धा, असं चालत नाही! नळीला एकदम काटकोनात वळण दिलं तर हवा भिंतीपासून सुटून भोवरे करते, म्हणून नळ्या होता होईल तो सरळ ठेवतात.

खरी गंमत आहे नळीच्या लांबीत. रिकाम्या बाटलीच्या तोंडावर फुंकर मारा. आता थोडं पाणी घालून पुन्हा फुंका. आवाज बारीक झाला ना? आतला हवेचा खांब आखूड झाला. मॅनिफोल्डच्या नळीतही अशाच लाटा धावतात. हे इंजिन मिनिटाला १०,५०० फेरे घेतं, तेव्हा प्रत्येक सिलिंडरचे व्हॉल्व्ह सेकंदाला सुमारे ८७ वेळा उघडमीट करतात. लांबी नेमकी असेल, तर परतलेली लाट व्हॉल्व्ह मिटायच्या आत पोचते आणि जास्तीची हवा आत ढकलते. जास्त फेऱ्यांसाठी नळी आखूड, कमी फेऱ्यांसाठी लांब.

मग डोंगरावर नळी बदलायची का? तर नाही! आवाजाचा वेग हवेच्या तापमानावर ठरतो, विरळपणावर नाही. म्हणजे लाट वेळेवर येणार, पण हलकी होऊन. मॅनिफोल्ड कितीही सुबक असो, नसलेली हवा तो कुठून आणणार? सुपरचार्जर असलेल्या गाड्या पंपाने हवा कोंबून घेतात. प्रो स्टॉकमध्ये त्याला परवानगी नाही. मग मेकॅनिक इंधन कमी करत, गिअर बदलत, आणि शेकड्याच्या दशांशासाठीही झगडत. मला तरी हीच माणसं चालकांइतकी शूर वाटतात.

दर जुलैत इथे 'माइल-हाय नॅशनल्स' ही मोठी शर्यत भरे. २०२३ साली ती शेवटची झाली आणि त्याच वर्षी, ६५ वर्षांनंतर, ही धावपट्टी बंद झाली.