मुहूर्त दुपारचा, गाव रात्रीच्या वरातींचे

उदयपूरला येणारा पाहुणा स्टेशनवर उतरला की त्याची पावले पिछोला तलावाकडे वळतात. ठाण्याहून आलेल्या या पतिपत्नींनी मात्र रिक्षात बसताच रिक्षावाल्याला विचारले, “इथे लग्ने कुठे होतात?”

मुलीचे लग्न ठरले होते. मुलगा मराठीच, पण त्याचे आजोबा नोकरीनिमित्त मेवाडात आले आणि घर इथलेच होऊन गेले. लग्न ठाण्यात करावे, तर मुलाच्या ८४ वर्षांच्या आजींना प्रवास झेपणार नव्हता. नातवाच्या डोक्यावर अक्षता टाकायच्या, एवढी एकच त्यांची इच्छा. म्हणून मुलीकडच्यांनी उदयपुरात येऊन लग्न करून द्यायचे कबूल केले. हातात दिवस होते दोनच. वांद्रे टर्मिनसची थेट गाडी रोज नसते, त्यामुळे परतीचे आरक्षण आधीच करून ठेवले होते.

वाटिका की नोहरा?

महाराणा उदयसिंह यांनी १५५९ मध्ये वसवलेले हे शहर आज लग्नांसाठी देशभर प्रसिद्ध आहे. तलावातला जगनिवास महाल १९६३ मध्ये हॉटेल झाला. पुढे इतर महालांची आणि हवेल्यांचीही दारे पाहुण्यांसाठी उघडली. पण तिथली लग्ने वेगळ्या खिशांची. गावातली सर्वसामान्य माणसे लग्ने करतात ती ‘वाटिकां’मध्ये, म्हणजे भाड्याने मिळणाऱ्या मोकळ्या बागांमध्ये, नाहीतर समाजाच्या मालकीच्या ‘नोहऱ्यां’मध्ये.

जगदीश मंदिराच्या बाजूचा एक नोहरा मुलीच्या वडिलांना पसंत पडला. भाडे कमी, शिवाय गावाच्या मध्यावर. पण तिथवर जाणारा रस्ता चढाचा आणि अरुंद. गाडी लांब उभी करावी लागणार.

“अहो, ज्यांच्यासाठी इथे आलो, त्या आजी इथवर येणार कशा?” पत्नीने विचारले, आणि नोहरा बाद झाला. शेवटी जुन्या शहराबाहेरची, गाडी थेट मांडवापर्यंत नेता येईल अशी एक वाटिका ठरली.

‘फेरे’ किती वाजता?

खरी अडचण पुढेच होती. तंबूवाल्याने वही उघडून पहिलाच प्रश्न केला, “फेरे रात को कितने बजे?”

इकडची बहुतेक लग्ने रात्रीची. संध्याकाळी घोडीवरून वरात निघते, मग जेवणे आणि उशिरा रात्री फेरे. त्यामुळे तंबूवाल्याच्या यादीत दिव्यांच्या माळा भरपूर होत्या, पण उन्हापासून आडोसा करणारे कापड नव्हते. वाटिकेचे भाडेही संध्याकाळपासून सकाळपर्यंतचे. मुहूर्त दुपारी १२ वाजून २४ मिनिटांचा म्हटल्यावर त्याला वाटले, ऐकण्यात काही चूक झाली.

मुलीच्या वडिलांनी वहीच्या मागच्या पानावर आकृती काढून दाखवली. मध्ये अंतरपाट धरायचा, वधूवर समोरासमोर उभे राहायचे आणि दोनशे माणसांनी चारही बाजूंनी अक्षता टाकायच्या. म्हणजे मांडव तिन्ही बाजूंनी बंद नको, वर मात्र जाड छत हवे. वाटिकेचा ताबाही आदल्या रात्रीच हवा. अर्ध्या तासाने तंबूवाला हसून म्हणाला, “समझ गया हुकम, बिजली कम, छाया ज्यादा!”

तारखेचा घोळ तर थोडक्यात टळला. बाईंनी तिथी सांगितली, कार्तिक वद्य पंचमी. तंबूवाल्याची लेखणी थांबली. “बाईसा, तेव्हा तर देव झोपलेले असतात. दिवाळीच्या आधी कुणी लग्न करते का?” आपल्याकडे महिना अमावास्येला संपतो, तर राजस्थानात पौर्णिमेला. त्यामुळे आपला कार्तिक वद्य पक्ष म्हणजे त्यांची ‘मिगसर बदी’, अर्थात मार्गशीर्षाचा पहिला पंधरवडा. त्यांची ‘काती बदी’ असते ती दिवाळीपूर्वी. तिथी तशीच लिहिली गेली असती, तर मांडव एक महिना आधी उभा राहिला असता! त्यानंतर प्रत्येक पावतीवर इंग्रजी तारीख आणि वार लिहून घ्यायचा असे दोघांनी ठरवले. इसाराला तिकडे ‘साई’ म्हणतात. ती पावती घेतल्याशिवाय कुणालाही दिली नाही.

आजींचा मसालेभात

दुसऱ्या दिवशी हलवाई थेट व्याह्यांच्या घरीच आला. त्याने दोन पर्याय सांगितले. एक, थाळीमागे दर. त्यात किमान थाळ्यांचे पैसे द्यावेच लागतात. दुसरा, सामान यजमानांचे आणि हलवायाची फक्त मजुरी. वाणसामान धानमंडीतून उचलायला व्याही तयार होते, म्हणून दुसरा पर्याय ठरला.

दालबाटी, चुरमा, गट्ट्याची भाजी, हे सारे त्याच्या हातचे. पण मसालेभात म्हणजे पुलावच ना, असे तो पुन्हा पुन्हा विचारू लागला. इतका वेळ कोपऱ्यातल्या खुर्चीवर गप्प बसलेल्या आजी सरसावल्या. पन्नासहून अधिक वर्षे इथे काढलेली. अस्सल मेवाडीत त्यांनी त्याला गोडा मसाला, तोंडली आणि वरून पेरायचे खोबरे-कोथिंबीर समजावले. वरण पातळ नको, त्याला लसणाची फोडणी नको, मठ्ठ्यात साखर अगदी बेताची, हेही बजावले. हलवाई मान डोलावत सगळे लिहून घेत होता.

तो गेल्यावर आजी मुलीच्या आईला म्हणाल्या, “माझ्या एकटीसाठी तुम्हाला एवढी यातायात. फार अवघडल्यासारखे होते हो.”

“आजी, तुम्ही नसता तर त्या दिवशी पंगतीत पुलाव आला असता,” त्या म्हणाल्या, आणि दोन्ही विहिणींना हसू आवरेना.

मग उरलेली यादी झाली. मुंडावळ्या, अंतरपाट आणि रुखवत ठाण्याहून येणार. गुरुजी बडोद्याहून. गुलाबदाणीसाठी गुलाबपाणी मात्र इथलेच, हळदीघाट परिसरातले. संध्याकाळी स्वागतसमारंभ असल्याने बँडवाल्याला रात्री १० नंतर वाजवायचे नाही, हे आधीच सांगून झाले. ध्वनिप्रदूषणाचा २००० सालचा नियम सगळीकडे सारखाच आहे.

उसने देणारा गणपती

गाडीला दोन तास उरले होते. पिछोला पाहायचा राहिलाच होता. पण विहीणबाई त्यांना बोहरा गणेशाच्या देवळात घेऊन गेल्या. बोहरा म्हणजे पैसे उसने देणारा. लोक सांगतात की पूर्वी लग्नकार्यासाठी पैसे कमी पडले, तर माणसे चिठ्ठीवर गरज लिहून इथे ठेवत. गणपती पैसे देई आणि कार्य झाल्यावर ते व्याजासह परत करावे लागत. आता पैसे कुणी मागत नाही. मात्र लग्नाची पहिली पत्रिका ठेवायला माणसे आवर्जून येतात.

मुलीचे वडील बराच वेळ हात जोडून उभे होते. बाहेर आल्यावर पत्नीने हळूच विचारले, “काही उसने मागितलेत का?”

“मागितले,” ते म्हणाले. “आजींसाठी तीन महिने.”