चक बेरी त्या मंचावर का नव्हते?



14 ऑक्टोबर 2016. नागपूरच्या धम्मदीक्षेला त्या दिवशी साठ वर्षे पूर्ण झाली. आणि आम्ही चौघे कुठे होतो? कॅलिफोर्नियातल्या इंडिओ गावी, वाळवंटात, 'डेझर्ट ट्रिप' नावाच्या रॉक कॉन्सर्टच्या रांगेत. सकाळी मोटेलच्या खोलीत त्रिसरण-पंचशील घेतले आणि निघालो. घरी फोनवर सांगितले तर आई 'आजच्या दिवशी?' एवढेच म्हणाली. नागपूरची गर्दी तीन दिवसांपूर्वी अशोक विजयादशमीलाच होऊन गेली होती, हा आमचा बचाव. तो फार टिकला नाही.

तीन दिवसांचे साधे तिकीट 399 डॉलर. बॉब डिलन, रोलिंग स्टोन्स, नील यंग, पॉल मॅकार्टनी, द हू, रॉजर वॉटर्स. सहाही नावांचे मुख्य गायक सत्तरीचे किंवा त्यापुढचे. डिलन यांना आदल्याच दिवशी नोबेल जाहीर झालेले, पण मंचावर त्याबद्दल एक शब्द नाही. नंतर आलेल्या मिक जॅगरनेच त्यांचे कौतुक केले. शनिवारी मॅकार्टनींनी नील यंग यांना बोलावले. एक 74 वर्षांचा, दुसरा 70 चा, आणि दोघे पोरांसारखे एकमेकांकडे बघून हसत गात होते. आम्ही घसा बसेपर्यंत ओरडलो, हे लपवण्यात अर्थ नाही. 1964 साली फ्लोरिडात गोऱ्या-काळ्यांना वेगळे बसवणार असाल तर वाजवणार नाही, असे बीटल्सने सांगितले होते. त्या माणसाबद्दल आमच्या मनात आदर आहे.

पण डोके बंद ठेवून टाळ्या वाजवायची आपल्याला सवय नाही. सहा नावांत एकही कृष्णवर्णीय नाही. शनिवारी रिहाना पाहुणी म्हणून येऊन एक गाणे गाऊन गेली. स्टोन्सचा बास वाजवणारे डॅरिल जोन्स कृष्णवर्णीय आहेत. वीस वर्षांहून जास्त काळ ते सोबत आहेत, तरी बँडचे अधिकृत सदस्य नाहीत! ही मांडणी आपल्याला ओळखीची वाटते की नाही?

रोलिंग स्टोन्स हे नावच मडी वॉटर्सच्या गाण्यावरून घेतलेले. त्यांची 1963 ची पहिली रेकॉर्ड चक बेरींच्या गाण्याची. बीटल्सनीही बेरींची गाणी गायली. आणि हे चक बेरी तेव्हा हयात होते. कॉन्सर्ट रविवारी संपली, मंगळवारी, 18 ऑक्टोबरला, ते नव्वद वर्षांचे झाले आणि त्याच दिवशी त्यांनी नव्या अल्बमची घोषणा केली. लिटल रिचर्ड हयात होते, फॅट्स डॉमिनो हयात होते. वयामुळे नसतील आले, असे कुणी म्हणेल. असेलही. स्टोन्सच्याच कीथ रिचर्ड्सने 1986 साली बेरींच्या साठीनिमित्त सेंट लुइसमध्ये कॉन्सर्ट उभी केली होती, हेही सांगितले पाहिजे. शिष्य कृतघ्न नव्हता. पण 'रॉकचे दिग्गज' म्हणून बाजाराने सहा नावे निवडली तेव्हा ज्यांनी पाया घातला त्यांच्यातले एकही त्यात बसले नाही. मार्च 2017 मध्ये बेरी गेले. अल्बम त्यानंतर आला.

इथवर लिहिणे सोपे होते, कारण आरोपी अमेरिका होती.

रविवारी रात्री वॉटर्सचा कार्यक्रम संपवून आम्ही सॅन होजेच्या रस्त्याला लागलो. सात-आठ तासांचा प्रवास. झोप येऊ नये म्हणून एकाने फोनवर वामनदादा कर्डकांचे गाणे लावले. जयंतीच्या मिरवणुकीत वाजते तसे, डीजेवाल्याने ठोक्यावर बसवलेले. दोन कडवी झाली आणि गाणे संपले. आमच्यातला यवतमाळचा मित्र म्हणाला, "शेवटचं कडवं कुठाय?"

वामनदादांचे नाव शेवटच्या कडव्यात येते. आपल्या कवींची ती रीतच आहे. कागद, छापखाना, कंपनी काहीच हाती नसताना आपले नाव गाण्यातच गुंफून ठेवायचे, म्हणजे कुणाला चोरता येणार नाही. आणि ते कुणी कापले? आपल्याच पोरांनी, आपल्याच जयंतीत. डीजेला हजारो रुपये वर्गणीतून देतो, गल्लीतल्या म्हाताऱ्या गायकाच्या हातावर नारळ ठेवतो.

मित्राच्या वडिलांचे भजनी मंडळ होते. त्याने ते कडवे नावासकट म्हणून दाखवले. दोनदा चुकला. तिसऱ्यांदा आम्ही मागे धरले.