दारातली माळवी

1932 सालच्या 'टॅक्सी!' या अमेरिकी चित्रपटात सुरुवातीलाच एक गंमत आहे. एक ज्यू माणूस पोलिसाला काकुळतीने काहीतरी विचारतोय. पोलीस पडला आयरिश, त्याला ओ की ठो कळत नाही. शेजारच्या टॅक्सीतला जेम्स कॅग्नी, तोही आयरिशच वळणाचा, त्या माणसाशी सरळ यिडिशमध्ये बोलायला लागतो. दोन शब्द फेकून मोकळा होत नाही. चांगल्या गप्पाच मारतो. कॅग्नी न्यूयॉर्कमध्ये ज्यू शेजाऱ्यांच्यात वाढला, यिडिश त्याला गल्लीतच मिळाली. हा तुकडा मी कितीदा तरी पाहिला, आणि दर वेळी मला देवासची आत्या आठवली.

आत्याचं माहेर धार, सासर देवास. म्हणजे एका पवारांच्या राज्यातून दुसऱ्या पवारांच्या राज्यात. देवासला तर थोरली पाती आणि धाकटी पाती, एका गावात दोन राजे. दरबार मराठी, घरं मराठी, पुरणपोळीवरची तुपाची धारही मराठी. राज्य करणाऱ्याला शेजाऱ्याची भाषा शिकण्याची निकड सहसा पडत नाही, तशी आमच्या लोकांनाही पडली नाही. पुरुष बाहेर हिंदी बोलत, तीही कचेरीपुरती. माळवी उचलली ती बायकांनी. आणि खरं सांगायचं तर बायकांनीही नाही, मुलींनी. संजेच्या भिंतीपाशी.

भाद्रपदातली पौर्णिमा आली की माळव्यातल्या मुली घराबाहेरच्या भिंतीवर शेणाने संजा मांडतात. अमावास्येपर्यंत रोज नवं चित्र. पंचमीला पाच कुंवारे, सप्तमीला स्वस्तिक, अष्टमीला आठ पाकळ्यांचं फूल, नवमीला डोकरा-डोकरी. ओल्या शेणाची वळी वळायची, बोटाने दाबत भिंतीवर बसवायची, आणि ती सुकायच्या आत तिच्यावर गुलबासाच्या पाकळ्या टोचायच्या. शेवटी किलाकोट, सगळ्यांत मोठा. आत्या सांगायची, धारला शेजारच्या पोरी संध्याकाळी हाका मारत आणि हिचा जीव वर-खाली होई. कारण हे दिवस पितृपक्षाचे. आमच्या घरात श्राद्धाचा स्वयंपाक, सोवळं, आणि माझी पणजी दारात बसलेली. पितरांच्या दिवसांत कसली गाणी म्हणता, हा तिचा सवाल. आत्या तुळशीला दिवा लावायच्या निमित्ताने अंगणात जायची ती थेट शेजारच्या भिंतीपाशी. शब्द कळत नसत. पहिल्या वर्षी ती नुसती ओळीच्या शेवटी सूर लावायची. मग एकेक शब्द सुटत गेला: म्हारो, थारो, कंई. संजाबाईचं सासर, तिची सासू, तिला न्यायला आलेली गाडी, हे सगळं कळू लागलं तेव्हा आपल्या भोंडल्यातल्या सुनेची आणि हिची गाऱ्हाणी एकच आहेत, हे तिला कुणी सांगावं लागलं नाही. पुढे नवरात्र लागलं की आमच्या अंगणात पाटावरचा हत्ती यायचा. आता पाळी माळवी पोरींची. त्या फेर धरायच्या, मराठी शब्दांची मोडतोड करायच्या आणि खिरापत ओळखायला सगळ्यांत पुढे. पणजी त्यांना करंजी जास्त द्यायची म्हणे. तिचं धोरण मला शेवटपर्यंत कळलेलं नाही.

देवासला मी सुट्टीत जायचो तेव्हा आत्या पन्नाशीची होती. दारात बालम काकडी विकायला बाई यायची. आत्या उंबऱ्यावर बसून माळवीत घासाघीस करायची, आणि तिचा आवाजच बदलायचा, जरा खाली उतरायचा, सैल व्हायचा. भाव ठरल्यावर त्या दोघी उठायच्याच नाहीत. काकडी उन्हात, मी भुकेला, आणि यांचं सुनांवर चाललेलं. शेजाऱ्याची भाषा शिकावी ती सलोखा वगैरेसाठी, असं भाषणात म्हणतात. मला ते पटत नाही. माणूस चुगल्यांसाठी शिकतो. आपल्याला वगळून पलीकडे कोणीतरी हसतंय, हे सहन न होऊन शिकतो.

त्याच देवासात जानेवारी 1948 मध्ये एक आजारी तरुण येऊन राहिला. सुळेभावीचा, मातृभाषा कानडी. मुंबईत देवधर मास्तरांकडे शिकला, त्यामुळे मराठीही आपलीच. क्षयाने गाणं बंद. काही वर्षं कुमार गंधर्वांना अंथरुणात पडून फक्त ऐकायचं होतं, आणि ऐकायला होत्या माळवी बायका, रस्त्याने जाणारे निर्गुणी भजनं म्हणणारे साधू. बरे झाल्यावर त्यांनी त्या लोकधुना जमवल्या, त्यांतून मालवती, सहेली तोडी असे धुनउगम राग काढले, 1965 साली 'अनूपरागविलास' आलं. त्यांच्या बंदिशींतही माळवीची चव उतरली. समीक्षक या सगळ्याला लोकसंगीताचा अभ्यास म्हणतात. असेल. मला त्यात आधी दिसतो तो खिडकीतून येणाऱ्या आवाजात आपल्यालाही घ्या म्हणणारा माणूस. गाण्यावाचून बसलेल्या गवयाला दुसऱ्याचं गाणं इतकं मन लावून ऐकवलं, हीच मोठी गोष्ट.

त्यांच्या आधी, 1921 साली, इंग्रज कादंबरीकार ई. एम. फॉर्स्टर थोरल्या पातीच्या तुकोजीराव महाराजांचा खाजगी चिटणीस होता. तिथली गोकुळाष्टमी त्याने पाहिली आणि 'अ पॅसेज टू इंडिया'त वापरली. लिहिलंय सुंदर. पण तो पाहणाऱ्याचा उत्सव आहे, फेर धरलेल्याचा नाही.

आमची बाजूही फार उजळ नाही. आत्याच्या मुलांनी माळवी सोडली. शाळेत ती गावठी ठरली. नातवंडांनी मराठीही सोडायला घेतली आहे, कारण हिंदीत सगळं भागतं. 2011 च्या जनगणनेत पन्नास लाखांहून अधिक लोकांनी माळवी ही आपली मातृभाषा सांगितली. सरकारी तक्त्यात ती हिंदीच्या पोटात धरली आहे.