लॉग टेबल, पॅलेट ट्रॉली आणि पास्कल

राहनाळ, भिवंडी

प्रिय मंगल,

तुझं लेस्टरहून आलेलं पत्र दोनदा वाचलं. लेक ए लेव्हलला फिजिक्स घेतेय, छान झालं! पण परीक्षेत सूत्रांची पुस्तिका हातात देतात आणि वर कॅल्क्युलेटरही चालतो, हे माझ्या बारावीच्या पोरांना सांगितलं नाहीये. सांगितलं तर सगळी तिकडेच निघतील. इथे बोर्डाच्या पेपरला अजून लॉग टेबलच. कॅरॅक्टरिस्टिक एका अंकाने चुकलं, की उत्तर थेट दहापट!

आमचं राहनाळ आता तुला ओळखू येणार नाही. अंजूरफाट्याकडून येताना जिकडे बघावं तिकडे गोदामं आणि ट्रकांच्या रांगा. शिकवणीतली बरीच मुलं या गोदामांत नाहीतर यंत्रमागावर राबणाऱ्यांच्या घरची, दहावीपर्यंत मराठी माध्यमातली. त्वरण, संवेग, जडत्व त्यांना चांगलं ठाऊक असतं. अकरावीत पुस्तक इंग्रजी होतं, अ‍ॅक्सिलरेशन, मोमेंटम, इनर्शिया सुरू होतं, आणि वर्गात बडबडणारी पोरं गप्प होतात. विषय अवघड झालेला नसतो गं, त्याचं नाव बदललेलं असतं. म्हणून पहिल्या दिवशी मी वहीला दोन रकाने पाडायला लावते.

परवाचीच गंमत. एकाने पास्कलचा नियम इंग्रजीत घडाघडा म्हटला. ‘म्हणजे काय रे?’ विचारलं तर खाली मान. त्याचे वडील गोदामात हँड पॅलेट ट्रॉली ओढतात. म्हटलं, ‘बाबा टनभर माल एका हाताने कसा उचलतात, ते उद्या बघून ये.’ पठ्ठ्या डबा द्यायला गेला आणि मोजून आला: दांडा दहा-बारा वेळा मारावा तेव्हा माल चार बोटं वर येतो, कडी दाबली की आपोआप खाली.

मग फळ्यावर ट्रॉलीतले, तेलाने जोडलेले लहान-मोठे दोन दट्टे काढले. मोठ्याचा व्यास लहानाच्या पाचपट धरला, तर क्षेत्रफळ 25 पट, म्हणून बलही 25 पट. पण मोठा 1 सेंटिमीटर चढायला लहान 25 सेंटिमीटर दाबावा लागतो. क्षणभर थांबून तो म्हणाला, ‘म्हणजे बाई, जोर वाचतो, पण मेहनत तेवढीच!’ कार्य आणि ऊर्जेचा अख्खा धडा पोराने एका वाक्यात संपवला. कडी दाबल्यावर तेल परत टाकीत जातं, हेही त्यानेच सांगितलं.

आता पुढचं रडगाणं ऐक. बोर्डाला लेखी 70 आणि प्रात्यक्षिक 30. तीन तास नीट डेरिव्हेशन लिहायची सवय लावावी, तोवर प्रवेशाची सीईटी येते. तिथे फिजिक्स-केमिस्ट्रीचे मिळून 100 प्रश्न 90 मिनिटांत, म्हणजे एका प्रश्नाला 54 सेकंद. एवढ्यात दट्टे काढून बघायला वेळ कुठला? म्हणून क्लासवाले सूत्रं घोकून घेतात. मीही थोडी घेते, खोटं कशाला बोलू. पण ट्रॉली आधी, सूत्र नंतर, हा क्रम मी मोडत नाही. घोकलेलं सूत्र पेपरात विसरलं तर त्या पोराकडे निदान दांडा मोजल्याची आठवण असेल.

लेकीची एखादी जुनी प्रश्नपत्रिका पाठव. आमची पोरं ती लॉग टेबलावर सोडवून दाखवतील.

तुझीच,
राहनाळची मैत्रीण