हात की स्टिअरिंग?

गेल्या दसऱ्याच्या आधीची गोष्ट. लिहीन लिहीन म्हणत होतो, पण आमचे चिरंजीव हे पान न चुकता वाचतात, त्यामुळे हात आखडता घेतला होता. आता प्रकरण मिटलंय, तेव्हा लिहायला हरकत नाही.

पावसाळ्यात आमच्या वॅगन आरचं डावीकडचं पुढचं चाक एका खड्ड्यात असं आपटलं, की सौ.च्या मांडीवरचा पोळ्यांचा डबा थेट पायाशी. टायरला बाजूने फुगा आला. गॅरेजवाल्याने लोअर आर्म बदलला, लिंक रॉड बदलला, पुढचे दोन्ही टायर नवे टाकले, अलाइनमेंट केलं. बिल पाहून पेन्शनला घाम फुटला, पण गाडी गावात कशी लोण्यासारखी चालायला लागली!

आठ दिवसांनी पुण्याला निघालो. सातारा सोडलं, काटा पंचाहत्तरवर गेला आणि स्टिअरिंग हातात थरथरू लागलं. पंच्याऐंशीला तर मनगटापर्यंत मुंग्या. साठवर आणलं की एकदम शांत. असं करत करत शिरवळ गाठलं आणि चहा प्यायला थांबलो. कप उचलला तर तोही बशीत किणकिणला.

इथे एक कबुली द्यायला हवी. माझा उजवा हात गेली दोन वर्षं थोडा थरथरतो. बँकेतल्या पोरीने मागे सही जुळत नाही म्हणून तीन वेळा करायला लावली होती. घरात हा विषय कुणी काढत नाही. म्हणजे सगळ्यांना माहीत आहे.

पुण्यात पोचल्यावर मुलाला स्टिअरिंगचं सांगितलं. त्याने ऐकून घेतलं आणि हळूच म्हणाला, "बाबा, रागावू नका, पण स्टिअरिंग थरथरतंय की तुमचा हात?" त्याने गाडी सोसायटीभोवती फिरवून आणली. काही नाही! (सोसायटीत वीसच्या वर कोण जातं?) रात्री गाडी विकायचा विषय निघाला. मी शाळेत चौतीस वर्षं भल्याभल्यांना गप्प केलंय, पण त्या रात्री मीच गप्प बसलो. खरं सांगायचं तर मलाही खात्री नव्हती.

परतताना पन्नाशीच्या वर गेलोच नाही. ट्रकवाले हॉर्न मारून पुढे जात होते.

साताऱ्यात गॅरेजवाल्याकडे गेलो. तो म्हणाला, "अलाइनमेंट केलंय काका. आणि या वयात ऐंशीच्या वर जायचंच कशाला?" झालं! दोघांनीही रोगाऐवजी रोग्याचं वय पाहिलं.

मी मराठी आणि इतिहास शिकवणारा माणूस, यंत्राशी माझा संबंध सायकलच्या साखळीपुरता. पण इतिहासात एक सवय लागते. काय घडलं हे विचारायच्या आधी कधी घडलं ते विचारायचं. एक जुनी वही घेतली आणि शाळेतल्या भौतिकशास्त्राच्या सरांना गाठलं. तेही निवृत्त, तेही रिकामे.

त्यांनी पहिल्यांदा गाडी पंक्चरवाल्याकडे न्यायला लावली. चाकाचे नट नीट आवळलेत का, ते आधी. काम केल्यानंतर नट सैल राहिला तर चाकच निखळू शकतं, बाकीच्या चौकश्या नंतर. मग जॅक लावून चाक वर-खाली आणि डावी-उजवीकडे धरून हलवून पाहिलं. खुळखुळ नाही. म्हणजे नवे लावलेले भाग जागेवर होते.

मग रविवारी पहाटे, रस्ता मोकळा असताना, आम्ही तिघं हायवेला. सर शेजारी वही घेऊन, सौ. मागे. (ती "मी कशाला?" म्हणत होती. पुढे तिचाच उपयोग झाला.) साठला काही नाही. पंचाहत्तरला सुरुवात. पंच्याऐंशी-नव्वदला सगळ्यात जास्त. शंभरला चक्क कमी! सर म्हणाले, क्लच दाबून सोडून द्या गाडी. दाबला. इंजिनाचा आवाज उतरला, थरथर तशीच. म्हणजे इंजिनाचा दोष नाही. ब्रेक हलका दाबला, तरी वाढली नाही. ब्रेकची डिस्क वाकडी असती तर ब्रेक मारतानाच स्टिअरिंग हललं असतं. गाडी एका बाजूला ओढतही नव्हती. ओढते ती अलाइनमेंट बिघडल्यावर, आणि टायरही एका कडेने झिजतो. थरथर हे अलाइनमेंटचं दुखणं नव्हेच. तेव्हा गॅरेजवाला खोटं बोलत नव्हता, भलत्याच प्रश्नाचं उत्तर देत होता. असे विद्यार्थी मी खूप पाहिलेत.

"वहिनी, मागे सीट हलतेय का?" सरांनी विचारलं. सौ. म्हणाली, "नाही बाई, मला तर झोप यायला लागली." सरांनी वहीत लिहिलं, "दोष पुढच्या चाकांत."

पण माझ्या हाताचं काय? ते मी सरांना विचारलं नाही, त्यांनीच ओळखलं. म्हणाले, "चाकं बदलून पाहू. हात तुमचे तेच राहतील."

पंक्चरवाल्याने पुढची दोन्ही चाकं मागे आणि मागची पुढे लावली. पुन्हा हायवे. पंच्याऐंशीला स्टिअरिंग शांत, अगदी देवासारखं. मी श्वास रोखून बसलो होतो. तेवढ्यात मागून आवाज आला, "अहो, आता माझी सीट हलतेय!"

लग्नाला पन्नास वर्षं होत आली, पण तिच्या तक्रारीने मला इतका आनंद कधी झाला नव्हता.

मग टायरवाल्याकडे बॅलन्सिंगच्या मशीनवर चाकं चढवली. डावं चाक फिरलं आणि पोऱ्या हसला. रिमच्या काठावरची शिशासारखी छोटी वजनं दाखवून म्हणाला, "काका, ही काळी पडलेली वजनं जुन्या टायरची. नवीन टायर घातला, बॅलन्सिंग केलंच नाही." प्रत्येक टायरची जड बाजू वेगळी, त्यामुळे वजनं नव्याने लावावी लागतात. म्हणजे नव्या वर्गाची हजेरी जुन्या हजेरीपटावर घेतल्यासारखं झालं होतं. मशीनने पंचेचाळीस ग्रॅमचा फरक दाखवला.

पंचेचाळीस ग्रॅम म्हणजे लिंबाएवढं वजन! त्याने एवढी गाडी हलते? सर खुश झाले, त्यांना कागदच हवा होता. चाकाचा घेर दोरीने मोजला, पावणेदोन मीटर. ताशी पंच्याऐंशी म्हणजे सेकंदाला साडेतेवीस मीटर, म्हणजे चाक सेकंदाला साडेतेरा फेरे घेतं. त्या वेगात रिमच्या काठावरचे पंचेचाळीस ग्रॅम जवळजवळ सहा किलोच्या जोराने ओढतात, आणि सेकंदाला साडेतेरा वेळा दिशा बदलतात. वेग निम्मा केला की जोर पाव होतो, म्हणून गावात काही कळत नाही. शंभरला कमी का? झोक्याला त्याच्या लयीत धक्का दिला तरच तो उंच जातो. पुढच्या चाकांच्या जोडणीची लय पंच्याऐंशीच्या आसपास जुळत होती, पुढे धक्के जास्त पण लय चुकलेली. हे मला पन्नास वर्षांपूर्वी कुणी असं सांगितलं असतं तर मी बी.ए.ला गेलो नसतो कदाचित. असो.

नवी वजनं लागली, थरथर गेली. मुलाला फोन केला. तो बराच वेळ काही बोलला नाही. मग म्हणाला, "बरं झालं बाबा. पण हात दाखवून या."

दाखवला. डॉक्टरांनीही पहिला प्रश्न तोच विचारला, "कधी थरथरतो?" हात मांडीवर स्वस्थ असताना, की कप उचलताना, सही करताना? म्हटलं, मांडीवर नाही, कामात असतानाच. त्यांनी कागदावर गोल गोल मळसूत्र काढायला लावलं, हात लांब धरायला लावले, चालायला लावलं. म्हणाले, पार्किन्सनची थरथर बहुधा हात स्वस्थ असताना दिसते, तुमची तशी नाही. वयात येणारी आहे, कित्येकदा घराण्यात असते. (आमच्या आप्पांचा चहा बशीत सांडायचा, तो आठवला.) सध्या गाडी चालवायला हरकत नाही, सहा महिन्यांनी पुन्हा या.

पुढच्या वर्षी माझं लायसन्स संपतंय. या वयात ते पाचच वर्षांसाठी मिळतं आणि फॉर्म वन-ए वर डॉक्टरांची सही लागते. मी याच डॉक्टरांकडे जाणार आहे. ते नाही म्हणाले तर किल्ली मुलाकडे देईन, हे त्याला इथेच लेखी देतो.

तोवर वही गाडीच्या कप्प्यात आहे. डावीकडच्या पानांवर गाडी, उजवीकडच्या पानांवर हात. येत्या शनिवारी नातवाच्या वाढदिवसाला पुण्याला निघतोय. सौ. मागे बसणार म्हणते.