दुखणं वयाचं की जाळीचं?

‘अंग बाहेर येणं’ आपण बायका पदराआड झाकतो. माझं अंग योनिमार्गातून जाळी बसवून सावरलं. पण वर्षभरात आत टोचू लागलं, अधूनमधून रक्ताचे डाग दिसू लागले. इंदापूरहून बारामतीला जाताना एस.टी.चे धक्के सोसवेनात. यजमानांची जवळीकही नकोशी झाली. सगळे म्हणत, ‘वयाचंच दुखणं!’ अखेर तपासणीत कळलं, जाळीची कड अस्तरातून उघडी पडली होती. तेवढी कापून काढली. बाकीची मांसात रुजलेली, ती सहजी निघत नाही. बसताना अजून कळ येते. अशा जाळीची विक्री अमेरिकेनं २०१९ साली थांबवली, ती काही उगीच नव्हे! तेव्हा ऑपरेशनचे कागद जपून ठेवा, जाळी बसवली का ते विचारा. ‘वय झालं’ एवढ्यावर मात्र दवाखान्यातून परत फिरू नका.