पद्मिनीच्या टाकीतलं पेट्रोल

पद्मिनी म्हटलं की आमच्या पिढीला आधी गाडी आठवते, राणी नंतर! कुर्ल्याच्या कारखान्यात तयार होणाऱ्या फियाट ११०० ला हे नाव मिळालं १९७४ साली. मुंबईच्या टॅक्सींतून ती ऑक्टोबर २०२३ मध्ये कायमची गेली. गावोगावच्या पडव्यांत मात्र काही पद्मिनी अजून उभ्या आहेत, टाकीत जुनं पेट्रोल घेऊन. मंडळी, आज त्या पेट्रोलबद्दलच लिहायचं आहे.

आमच्या पिंपळगाव राजाच्या वाड्यातही दादांची पद्मिनी आहे. २०१९ साली दादा गेले, तेव्हापासून ती जागची हललेली नाही. या उन्हाळ्यात वहिनी म्हणाल्या, "भाऊजी, एकदा तिचा आवाज ऐकायचाय मला." एवढं म्हटल्यावर पुतण्या रबरी नळी घेऊन हजर. "काका, तोंडानं ओढलं का आलं पेट्रोल. नालीत सोडून देऊ."

मी नाही म्हटलं. स्कूटरच्या काळात सगळे तसंच करायचे, हे खरं. पण पेट्रोलचा लहानसा घोट चुकून श्वासनलिकेत गेला तरी फुफ्फुसाला जबर इजा होते. गिळलं गेलंच तर उलटी काढायची नाही, थेट दवाखाना गाठायचा. आणि नाली? आमच्या नालीचा उतार विहिरीकडे आहे. शिवाय पेट्रोलची वाफ हवेपेक्षा तीन-चार पट जड. ती वर उडून जात नाही, जमिनीलगत पसरत खोलगट जागी साचते. लांबवर कुणी बिडी पेटवली तरी भडका उडू शकतो.

शेवटी खामगावहून जाणता मेकॅनिक बोलावला. सकाळच्या गारव्यात गाडी ढकलून मोकळ्या अंगणात आणली. त्याने आधी बॅटरीची वायर सोडली. वाहत्या पेट्रोलमुळे स्थिर विद्युत तयार होते, म्हणून पत्र्याचा डबा जमिनीवर ठेवून तो तारेने टाकीला जोडला. प्लॅस्टिकची बादली त्याने हातानेच बाजूला सारली. मग हातपंपाने हळूहळू पेट्रोल उपसलं. शेजारी वाळूची घमेली आणि आग विझवायचं सिलिंडर. मोबाईल सगळ्यांचे ओसरीवर.

निघालं ते तपकिरी, जुन्या रंगाच्या डब्यासारख्या आंबूस वासाचं. तळाशी पाणी आणि गंज. पेट्रोलमधला हलका भाग उडून जातो, उरलेल्याचा चिकट डिंक होतो आणि कार्बोरेटरची बारीक छिद्रं बुजतात. इथेनॉल हवेतला ओलावा ओढून घेतं, तेही आलंच. आता पंपावर २० टक्के इथेनॉलचं पेट्रोल मिळतं, म्हणून गाडी महिनोन् महिने उभी राहणार असेल तर टाकी आधीच रिकामी केलेली बरी.

काढलेलं पेट्रोल घट्ट झाकणाच्या डब्यात बंद केलं. घातक कचरा उचलण्याचा परवाना असलेल्याकडे ते द्यायचं ठरलं. कार्बोरेटर सफाईला खामगावला गेलाय. वहिनींना म्हटलं, अजून थोडे दिवस.

असो. आपल्या नातलगांपैकी कुणाच्या पडवीत अशी गाडी असेल, तर किल्ली फिरवून पाहण्याआधी टाकी जाणत्या माणसाकडून रिकामी करून घ्या. आणि घरातल्या पोराने नळी तोंडाला लावलीच, तर गाडीचं नंतर बघू, आधी ती नळी काढून घ्या.